यंत्राची नाडीपरीक्षा

घरांत एखादी वस्तु बिघडली, कीं आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक, दोष कोणाचा याचा निकाल. आणि दुसरी, उपायांचा वर्षाव. मूल खोकूं लागलें, तर आजीचा काढा, काकूचा लेप आणि शेजाऱ्यांनीं सुचविलेली पुडी एकाच वेळीं हजर होतात, आणि "काल याला पेरू कोणीं दिला?" हा प्रश्नही त्याच क्षणीं माजघरांत उभा राहतो. खोकला कोरडा आहे कीं कफाचा, हें पाहण्यास मात्र कोणाला सवड नसते. मनुष्याचा हा स्वभाव आपल्या जुन्या आचार्यांना पुरता ठाऊक असावा. माधवकरानें आपला 'माधवनिदान' हा ग्रंथ केवळ रोगाच्या निदानासाठीं लिहिला. त्यांत चिकित्सा सांगितलेली नाहीं. निदान हें चिकित्सेपासून वेगळें काढून शिकण्याजोगें शास्त्र आहे, हें त्या एका गोष्टीवरून कळतें.

सांप्रत आपल्या कुटुंबांतून संगणक हा घरांतलें एक माणूसच होऊन बसला आहे. मुलांचा अभ्यास, विजेचें बिल, बँकेचे व्यवहार, परदेशीं असलेल्या लेकीशीं बोलणें, हें सारें त्याच्या हातून होतें. तो मंदावला, कीं घर खोळंबतें. आणि मग वरील दोन्ही गोष्टी यथासांग घडतात. "मुलांनीं खेळ घालून ठेवले" हा निकाल, आणि "नवा घ्या" हा उपाय. या दोहोंच्या मध्यें निदान नांवाची एक पायरी आहे. ती चढण्याचीं साधनें आज विनामूल्य मिळतात आणि साधारण शिकलेल्या माणसासही तीं वापरतां येतात, हें सांगावें, आणि त्या साधनांचे गुणदोष शेजारीं शेजारीं मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ज्याची परीक्षा करावयाची तो देह कोणता, हें पाहूं. संगणक चालविणारी जी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या अगदीं आंतल्या भागास 'कर्नल' म्हणतात. हा कर्नल पलटणींतला नव्हे. कठीण कवचाच्या आंत जो गर असतो, त्या अर्थाचा हा शब्द आहे. मी त्यास 'गाभा' म्हणेन. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस त्याचें काम चटकन् कळेल, कारण तो घरचा कारभारीच आहे. कोठीची किल्ली त्याच्या कमरेला. ऊन पाणी आधीं कोणाला, पंगतींत पाट किती मांडावयाचे, कोणाला किती वेळ बसूं द्यावयाचें, दारावरच्या पाहुण्यास ओसरीवर थांबवावयाचें कीं आंत घ्यावयाचें, हें सारें तो ठरवितो. प्रोसेसरचा वेळ, स्मृति म्हणजे मेमरी, सामान साठविण्याची डिस्क आणि बाहेरचें जाळें हीं त्याचीं मुख्य खातीं. कोणत्याही प्रोग्रामला कांहीं हवें असलें, तर त्याच्याकडेच मागावें लागतें. परस्पर कोठींत शिरण्याची मुभा कोणालाच नाहीं.

लिनक्स या प्रणालीचा गाभा हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें १९९१ सालीं जगापुढें ठेवला. १९९२ पासून तो अशा परवान्याखालीं आहे, कीं त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, आणि बदललेला दुसऱ्यास देतांना हाच अधिकार त्यासही द्यावा. या कारभाऱ्याचा एक गुण मला फार आवडतो. तो आपला हिशेब लपवीत नाहीं. 'प्रॉक' नांवाच्या कप्प्यांत शेंकडों फायली दिसतात, पण त्या डिस्कवर कोठेंच नसतात. आपण त्यांतली एखादी उघडली, कीं गाभा त्या क्षणींचा आंकडा लिहून पुढें करतो. जमाखर्चाची वही मागतांच ताजी लिहून हातांत पडावी, तसा हा प्रकार आहे. पुढें सांगावयाच्या साधनांपैकीं बरींचशीं हीच वही वाचून तिचें सुबक कोष्टक करून दाखवितात.

संस्कृताच्या मास्तराचें या विषयांत काय काम, असें वाचकांच्या मनांत येईल. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारें आयुष्य शाळेंत शब्द आणि धातु चालविण्यांत गेलें. माझा थोरला पुतण्या पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत आहे. सणावारीं घरीं आला, कीं काळ्या पडद्यावर दोनचार अक्षरें टाइप करी, आणि पडदाभर आंकडे उमटत. सूत्रें पाठ करण्याची संवय असलेल्या मनाला त्या त्रोटक आज्ञांची गोडी लागली. निवृत्तीनंतर वेळ होताच. धातुरूपांची असते तशी एक वही केली. डाव्या पानावर आज्ञा, उजव्या पानावर तिचा अर्थ. ती वही आतां भरत आली आहे. या विषयांतला माझा अधिकार तेवढाच.

त्या वहीचा खरा कस लागला तो गेल्या मार्गशीर्षांत. आमच्या घरचा संगणक २०१५ सालचा. स्मृति चार जीबी, आणि डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुढच्या आवृत्तीस लागणारी सामग्री या यंत्रांत नव्हती. म्हणून दिवाळींत पुतण्यानें त्यावर लिनक्स घातलें. महिनाभर सारें सुरळीत चाललें. पुढें यंत्र असें मंदावलें, कीं टाइप केलेलें अक्षर पडद्यावर उमटण्यापूर्वीं एक श्वास घेऊन सोडावा. धाकट्या पुतण्याचा मुलगा नववींत आहे. यंत्रावर खेळ खेळतो, असा त्याचा लौकिक. तेव्हां निकाल लागण्यास वेळ लागला नाहीं; त्यास यंत्राजवळ बसण्याची मनाई झाली. "मी काही केलेलं नाही," असें तो दोनदां म्हणाला. पण या वाक्याची घरांत काय किंमत असते, हें नववींतल्या कोणत्याही मुलाला विचारावें.

उपायही ठरला. नवें यंत्र घ्यावयाचें. त्यास चाळीस-पन्नास हजार लागणार, आणि तेवढी रक्कम घरांत एकाच ठिकाणीं बाजूला ठेवलेली होती, ती वहिनींच्या मोतीबिंदूसाठीं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या डोळ्यांचं काय, ते आणखी सहा महिने थांबतील. पोराचा अभ्यास थांबायला नको." त्यांनीं हें इतक्या सहजपणें म्हटलें, कीं कोणाला त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. एका मुलाची शिक्षा आणि एका म्हातारीची दृष्टि, या दोन्ही गोष्टी निदानावांचून ठरून गेल्या होत्या. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आपल्या वैद्यकांत दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. गाभ्याची परीक्षा करणारीं साधनेंही मीं माझ्या वहींत याच तीन वर्गांत लाविलीं आहेत, आणि त्याच क्रमानें येथें सांगतों.

पहिला वर्ग दर्शनाचा; रोग्यास हात न लावतां दुरून पाहण्याचा. 'टॉप', आणि त्याचें अधिक देखणें भावंड 'एचटॉप', हीं कोणता प्रोग्राम किती खातो याची चालती यादी दाखवितात. 'फ्री' हें स्मृतीचा हिशेब देतें. या हिशेबांत नवशिका हटकून घाबरतो, कारण मोकळ्या स्मृतीचा आंकडा फारच लहान दिसतो. पण गाभा हा धोरणी कारभारी आहे. रिकामे पाट तो भिंतीस टेकून ठेवीत नाहीं. एकदां वाचलेल्या फायली त्यांवर मांडून ठेवतो, म्हणजे पुन्हां मागितल्यास डिस्कपर्यंत जावें लागूं नये. आणि खरा पाहुणा आला, कीं पाट तत्काळ मोकळा करून देतो. म्हणून 'मोकळी' हा रकाना न पाहतां 'उपलब्ध' हा रकाना पाहावा.

त्याहून उपयोगी तें 'व्हीएमस्टॅट'. दर सेकंदास तें एक ओळ लिहितें. पहिली ओळ यंत्र सुरू केल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यावी. आजचा ताप पाहावयाचा असतां आठवड्याची सरासरी काय कामाची? त्यांतील 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने महत्त्वाचे. स्मृति अपुरी पडली, कीं गाभा सध्यां न लागणारें सामान उचलून डिस्कवर ठेवतो. त्या जागेस 'स्वॅप' म्हणतात. हा आपल्या घरांतला माळा. वर्षांतून एकदां लागणारीं पातेलीं माळ्यावर असावींत, हें शहाणपणच. पण रोजची कढई माळ्यावर गेली, तर सुनेचा दिवस शिडीवरच जावयाचा. एसओ म्हणजे सेकंदागणिक माळ्यावर किती गेलें, आणि एसआय म्हणजे किती खालीं आलें. तिसरा रकाना 'डब्ल्यूए'. प्रोसेसर डिस्कची वाट पाहत किती वेळ बसून राहिला, तें त्यांत कळतें. आमच्या यंत्रांत शिडीवर सारखी चढउतर चालली होती, आणि प्रोसेसरचा बहुतेक वेळ वाट पाहण्यांत जात होता. प्रत्यक्ष काम करण्यांत त्याच्या वेळाचा दहावा हिस्साही खर्चीं पडत नव्हता.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. 'लोड' म्हणून जो आंकडा टॉपच्या माथ्यावर दिसतो, त्यांत लिनक्स प्रोसेसरसाठीं रांगेंत असलेल्यांबरोबर डिस्कसाठीं अडून बसलेल्यांनाही मोजतें. म्हणून लोड मोठा म्हणजे प्रोसेसर थकला, असें होत नाहीं. तेवढ्यावरून यंत्र म्हातारें ठरविणें अन्यायाचें आहे.

दर्शनाच्या वर्गांत अलीकडे एका फार चांगल्या साधनाची भर पडली. २०१८ च्या डिसेंबरांत आलेल्या ४.२० या आवृत्तीपासून प्रॉकमध्यें 'प्रेशर' नांवाचा कप्पा मिळतो. ही फेसबुकच्या अभियंत्यांची कामगिरी. त्यांत प्रोसेसर, स्मृति आणि डिस्कची देवघेव यांच्या तीन वेगळ्या फायली असतात, आणि गेल्या दहा, साठ व तीनशें सेकंदांत शेंकडा किती वेळ कामें अडून राहिलीं, तें प्रत्येकींत लिहिलेलें असतें. कोणी एक अडला, कीं सगळेच अडले, हाही भेद केलेला असतो. कोणीं किती खाल्लें, हें इतर साधनें सांगतात. उपाशी किती राहिले, हें येथें कळतें. आमच्या यंत्रांत स्मृति आणि डिस्क या दोन्हींचे आंकडे वाढलेले होते, आणि प्रोसेसरचा नांवापुरता होता.

दुसरा वर्ग स्पर्शनाचा, म्हणजे नाडी पाहण्याचा. यांत 'पर्फ' हें प्रमुख. २००९ सालीं गाभ्याच्या २.६.३१ या आवृत्तीबरोबर तें आलें, आणि त्याचा मूळ मजकूर गाभ्याच्याच भांडारांत राहत असल्यामुळें दोघांची वाढ बरोबरीनें होते. त्याची रीत अशी, कीं प्रोसेसर या घटकेस काय करीत आहे, हें सेकंदांतून ठराविक वेळां पाहावें आणि त्याची मोजदाद ठेवावी. जाणते लोक शंभर वेळां न सांगतां नव्व्याण्णव वेळां पाहावयास सांगतात. कारण यंत्रांतलीं पुष्कळ कामें ठराविक ठेक्यावर चालतात. आपणही त्याच ठेक्यावर पाहूं लागलों, तर दर वेळीं तेंच दृश्य दिसावयाचें. रोज दुपारीं बारालाच येणाऱ्या माणसास हें घर सदा जेवतच असतें असें वाटावें, तसें तें होईल. या मोजणीचें चित्र काढण्याची 'फ्लेम ग्राफ' ही पद्धति ब्रेंडन ग्रेग यांनीं २०११ सालीं काढली. ज्वाळांसारख्या पट्ट्यांचे थर दिसतात, आणि जी पट्टी रुंद, तिकडे वेळ अधिक गेला असें समजावें. प्रोसेसर राबून राबून थकला असेल, तर पर्फसारखा नाडीवैद्य नाहीं. पण आमचा प्रोसेसर रिकामा बसला होता. स्वस्थ बसलेला कां बसला आहे, हें पर्फच्या नेहमींच्या मोजणींत उमटत नाहीं. त्यानें एक मात्र झालें. खेळ हे प्रोसेसरला राबवितात, आणि येथें राबणूकच नव्हती. मुलावरचा संशय निम्मा तेथेंच गेला.

तिसरा वर्ग प्रश्नाचा. यांत गाभ्यालाच नेमकें विचारावयाचें असतें, आणि साधनांचे स्वभाव येथेंच सर्वांत भिन्न दिसतात.

यांतलें जुनें साधन 'एस-ट्रेस', १९९१ पासूनचें. एखाद्या प्रोग्रामनें गाभ्याकडे केलेली प्रत्येक मागणी तें जशीच्या तशी लिहून काढतें. शिकणाऱ्यास यासारखा गुरु नाहीं. पण मागणीच्या वेळीं एकदां आणि उत्तराच्या वेळीं एकदां, असें प्रत्येक खेपेस तें त्या प्रोग्रामला थांबवितें. त्यामुळें मंदगतीचें कारण शोधतांना गति आणखी मंद होते. शिवाय कोणाची जबानी घ्यावयाची, हें आधीं ठाऊक असावें लागतें. आमचा तर आरोपीच सांपडावयाचा होता.

'एफट्रेस' हें २००८ सालीं २.६.२७ या आवृत्तींत आलें. त्याचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड. तें गाभ्याच्या आंतच वसतें, बाहेरून कांहीं आणून बसवावें लागत नाहीं. एका फाईलींत एक शब्द लिहिला कीं तें जागें होतें, दुसरी फाईल वाचली कीं उत्तर मिळतें. बंद असतां त्याचा भार जवळजवळ कांहींच नाहीं. ज्या लहानशा यंत्रांत दुसरें कांहीं ठेवण्यास जागा नाहीं, तेथें त्याचाच आधार. दोष इतकाच, कीं तें बोलतें फार. एका प्रश्नाला सातशें ओळींचें उत्तर येतें, आणि निवडण्याचें काम आपल्यावर पडतें.

थोडक्यांत विचारावें आणि थोडक्यांत उत्तर मिळावें, ही विद्या 'डीट्रेस'नें प्रथम उत्तम साधली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत ब्रायन कॅन्ट्रिल, माइक शॅपिरो आणि ॲडम लेव्हन्थॉल या तिघांनीं तें रचलें, आणि २००५ सालच्या सोलारिस १० बरोबर तें लोकांच्या हातीं आलें. चालतें यंत्र न थांबवितां एका लहानशा भाषेंत प्रश्न लिहावा, आणि गाभ्यानें मोजदाद आंतच करून केवळ बेरीज बाहेर द्यावी, ही त्याची थोरवी. त्याच वर्षीं त्याचा मूळ मजकूरही खुला झाला. परंतु ज्या परवान्यानें खुला झाला, तो लिनक्सच्या परवान्याशीं जुळेना. त्यामुळें तें फ्रीबीएसडी आणि मॅक यांच्या घरीं गेलें, आणि लिनक्सच्या उंबऱ्यापाशीं थबकलें. पुढें ओरॅकल कंपनीनें परवान्याची ती अडचण दूर केली, पण तोंवर मध्यें दहाबारा वर्षें लोटलीं होतीं. विद्या उघडी असूनही ती कोणत्या अटीवर उघडी आहे, याला किती महत्त्व असतें, तें या एका उदाहरणावरून कळावें.

ती उणीव भरून काढण्यासाठीं २००५ सालींच रेड हॅट, आयबीएम, इंटेल इत्यादि कंपन्यांच्या अभियंत्यांनीं 'सिस्टिमटॅप' आरंभिलें. तें समर्थ आहे, पण जड आहे. आपला प्रश्न तें सी भाषेंत उतरवितें, त्याचा एक सुटा भाग घडवितें आणि तो गाभ्यांत बसवितें. त्यासाठीं भाषांतराची सामग्री आणि गाभ्याचा विस्तृत नकाशा जवळ बाळगावा लागतो. मोठ्या रुग्णालयास हें शोभतें. घरच्या बटव्यांत मावत नाहीं.

शेवटीं लिनक्सला स्वतःचा मार्ग सांपडला, तो एका जुन्या बीजांतून. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंतील स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनीं १९९२ च्या सुमारास, जाळ्यावरून येणारा माल गाळून घेण्यासाठीं बीपीएफ नांवाची लहानशी योजना केली होती. ॲलेक्सी स्टारोव्हॉयटोव्ह यांनीं तिचा विस्तार केला, आणि २०१४ सालीं 'ईबीपीएफ' या नांवानें ती लिनक्सच्या गाभ्यांत रुजली. तिचें मर्म म्हणजे दारावरचा परीक्षक. आपला प्रश्न आंत जाण्यापूर्वीं हा परीक्षक त्याचें प्रत्येक पाऊल तपासतो. हा कधीं संपेल, कीं फिरतच राहील? परक्याच्या जागेंत हात घालील काय? खात्री पटली नाहीं, तर प्रवेश नाहीं. २०१८ सालीं ॲलिस्टेअर रॉबर्टसन यांचें 'बीपीएफट्रेस' लोकांपुढें आलें. त्यायोगें असा प्रश्न एका ओळींत लिहितां येतो. डीट्रेसचें लाघव आणि वर हा पहारा, असा दुहेरी लाभ त्यांत आहे. उणीव म्हणावी, तर जुन्या गाभ्यांवर तें पुरतें चालत नाहीं, आणि त्याची भाषा शिकण्यास चार दिवस द्यावे लागतात.

बीपीएफट्रेसबरोबर कांहीं प्रश्न तयारच मिळतात. त्यांपैकीं 'ओपनस्नूप' एवढेंच विचारतो, कीं या घटकेस कोण कोणती फाईल उघडीत आहे. एका रविवारीं दुपारीं मीं मुलाला, त्याच्या वडिलांना आणि वहिनींना यंत्राभोंवतीं बसविलें आणि तो प्रश्न सोडला. पडद्यावर नांवें धांवूं लागलीं. सगळीं एकाच कप्प्यांतलीं, एकामागून एक. खेळाचें नांव एकदांही आलें नाहीं. माझ्या भाचीचें लग्न मार्गशीर्षांत झालें, त्याचीं चौदा हजार छायाचित्रें त्या यंत्रांत उतरवून ठेवलेलीं होतीं. यंत्रांतला सूची करणारा एक प्रोग्राम त्यांतलें प्रत्येक चित्र उघडून त्याची लहान प्रतिमा करून ठेवीत होता. त्यापायीं स्मृति भरे, घरांतलें बाकीचें सामान माळ्यावर जाई, आणि रात्रीं यंत्र बंद केलें, कीं अर्धवट राहिलेलें काम सकाळीं पुन्हां सुरू होई. वहिनी चष्मा वर करून म्हणाल्या, "म्हणजे लग्नच आडवं आलं म्हणायचं!" मुलाचे वडील कांहीं वेळ पडद्याकडे पाहत राहिले; मग त्यांनीं उठून आपली खुर्ची मुलाला दिली. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

निदान झालें, आतां उपचार. पहिला उपचार कारण दूर करणें हाच असतो. छायाचित्रांचा कप्पा सूचींतून वगळला, आणि यंत्राचा बारा आणे रोग तेथेंच गेला. राहिला चार आणे; कारण आजचीं संकेतस्थळें उघडण्यास चार जीबी स्मृति मुळांतच तोकडी. येथें गाभ्याच्या वृत्तींत फेरफार करणाऱ्या साधनांचा संबंध येतो. त्यांतलें मुख्य 'सिस-कंट्रोल'. त्याच्या योगानें गाभ्याचे शेंकडों संकेत चालत्या यंत्रांत बदलतां येतात, आणि कायम करण्यासाठीं वेगळें लिहून ठेवलें नाहीं, तर यंत्र पुन्हां सुरू करतांच सारें पूर्ववत् होतें. हातीं नवी विद्या आलेल्या माणसावर ही मोठीच दया आहे.

पुण्याहून थोरल्या पुतण्यानें सुचविलें, "काका, स्वॅपिनेस साठाचा दहावर आणून बघा, सगळीकडे हेच सांगतात." हा संकेत मूळचा साठ असतो. पुष्कळांची समजूत अशी, कीं आंकडा जितका लहान, तितका माळ्याचा वापर कमी, आणि यंत्र वेगवान. वास्तविक त्याचा अर्थ निराळा आहे. माळ्यावरून सामान आणणें आणि फाईल पुन्हां वाचणें, यांत महाग कोणतें, हें त्यानें गाभ्यास सांगावयाचें असतें; शंभर म्हणजे दोन्हीं सारखीं. आंकडा अगदीं लहान केला, तर गाभा माळ्यावर कांहीं न पाठवितां मांडून ठेवलेल्या फायलीच फेंकूं लागतो, आणि त्या डिस्कवरून पुन्हां पुन्हां वाचतो. आम्ही दहा करून पाहिलें, आणि दोन दिवस प्रेशरचे आंकडे वहींत टिपले. स्मृतीचा आंकडा थोडा उतरला, डिस्कचा तितकाच चढला; रोग्यानें कूस बदलली एवढेंच. पुन्हां साठ केलें.

मग 'झेडरॅम' वापरलें. स्मृतीचाच एक भाग राखून त्यांत सामान दाबून, घडी करून ठेवावयाचें, अशी ही युक्ति आहे. नितिन गुप्ता यांच्या एका जुन्या प्रकल्पांतून ती वाढली आणि २०१४ सालीं गाभ्याच्या मुख्य शाखेंत आली. माळ्यावर न जातां घरांतल्याच कपाटांत नीट घड्या करून कपडे ठेवावेत, तसें हें. थोडे श्रम पडतात, पण शिडी टळते. आमचा प्रोसेसर रिकामाच होता, तेव्हां ते श्रम त्याला जड नव्हते. असें कपाट असतां माळ्याचा मोबदला स्वस्त होतो, म्हणून येथें स्वॅपिनेस कमी नव्हे तर शंभराच्या वर न्यावयाचा असतो. २०२० पासून त्याची मर्यादा दोनशेंपर्यंत वाढविली आहे. आम्ही दीडशें केलें. प्रेशरचे आंकडे उतरले, आणि या खेपेस ते उतरूनच राहिले. खर्च शून्य. वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया माघांत पार पडली.

तयार काढेही मिळतात. रेड हॅटचें 'ट्यून-डी' हें समतोल, वीजबचत, अधिक काम अशा निरनिराळ्या हेतूंसाठीं संकेतांचे बांधून ठेवलेले पुडे देतें. ज्यास एकेक संकेत समजून घेण्यास वेळ नाहीं, त्यानें स्वतः खटपट करण्यापेक्षां असा पुडा घेणें बरें. मांडीवरच्या संगणकाची बॅटरी लौकर संपत असेल, तर इंटेलचें 'पॉवरटॉप' प्रोसेसरची झोंप कोण मोडतो, तें दाखवितें. पण कोणाच्याही जुन्या चिठ्ठीवरून औषध घेऊं नये. प्रोसेसरच्या वेळवांटणीचे जे संकेत जुन्या लेखांत हौसेनें सांगितलेले आढळतात, ते २०२१ सालीं नेहमींच्या जागेवरून हलविले गेले, आणि २०२३ च्या ६.६ या आवृत्तींत ती वांटणीची पद्धतिच बदलली. देह नवा आणि चिठ्ठी जुनी, असें झाल्यावर गुण कसा यावयाचा?

आतां तुलनेचा निष्कर्ष सांगतों. घरच्या माणसानें व्हीएमस्टॅट आणि प्रेशरच्या तीन फायली यांवर प्रथम प्रभुत्व मिळवावें. दहांतल्या सात दुखण्यांचें स्थान तेथेंच कळतें. प्रोसेसर राबत असेल, तर पर्फ. एकाच प्रोग्रामची चौकशी करावयाची आणि वेगाची पर्वा नसेल, तर एस-ट्रेस. कांहींच बसवितां येत नसेल, तर एफट्रेस. आरोपी अज्ञात असेल, तर बीपीएफट्रेस. सिस्टिमटॅप ज्यांच्याकडे आधींपासून रुळलेलें आहे, त्यांनीं तें सोडण्याचें कारण नाहीं. नवीन शिकणाऱ्यानें मात्र तेथून आरंभ करूं नये. आणि संकेत बदलावयाचे, तर एका वेळीं एकच बदलावा, आधींचा आणि नंतरचा आंकडा वहींत लिहावा, गुण न आल्यास मूळपदावर यावें.

एक सूचना वडीलधाऱ्यांसाठीं. या तिसऱ्या वर्गांतल्या बहुतेक साधनांना यंत्राचा सर्वाधिकार लागतो, आणि तो हातीं असला, म्हणजे घरांतला कोण माणूस काय उघडतो, हेंही दिसूं लागतें. वैद्यास रोग्याच्या घरांत प्रवेश असतो तो रोगापुरता. परीक्षा करावयाची तर ज्याच्यावर संशय आहे, त्याला शेजारीं बसवून करावी. त्याच्या पाठीमागें करूं नये. मुलांवर पाळत ठेवण्यासाठीं हीं साधनें वापरणाऱ्यास यंत्राचा रोग सांपडेल, पण घरांत दुसरा रोग शिरेल.

आपण घरांत एकमेकांविषयीं जे निकाल देतों, त्यांत किती निकालांना आधीं पाहणें घडलेलें असतें, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. माणसाच्या अंतःकरणांत प्रॉकसारखा कप्पा नाहीं, तेव्हां तेथें चूक होणें स्वाभाविक आहे. पण जेथें कारभारी स्वतः वही उघडून पुढें ठेवतो, तेथें तरी ती वाचल्यावांचून कोणास दोषी ठरवूं नये, आणि कोणाच्या औषधपाण्याचा पैसा दुसरीकडे वळवूं नये. वही वाचण्याची विद्या शिकण्यास फार वर्षें लागत नाहींत. ज्यास धातु चालवितां येतो, त्यास हीही येईल.